हजेरीची वही कुणाच्या खिशात?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळींची कतारविषयी ठाम मतं आहेत. २०२२च्या फुटबॉल विश्वचषकापासून तर फारच. मी दोह्यात मजुरांच्या हक्कांवरच्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात काम करतो, त्यामुळे सुट्टीत घरी गेलो की प्रश्न ठरलेला: "काय रे, तिकडे अजून गुलामगिरीच ना?" पाठोपाठ समाधानही ठरलेलं: "आपल्याकडे निदान कायदे तरी आहेत."

कायदे आहेत, कबूल. पण मजुराच्या हातात त्यातलं काय पडतं?

कतारची वकिली मला करायची नाही. पासपोर्ट काढून घेणं तिथे बेकायदा आहे, तरी सर्रास घेतात. परदेशी मजुराला युनियन काढता येत नाही. गावच्या एजंटला दिलेले पैसे सावकाराचे असतात. ते फिटेपर्यंत माणूस तोंड उघडत नाही. पण २०२०मध्ये मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय नोकरी बदलायची मुभा मिळाली. मार्च २०२१पासून किमान पगार १,००० रियाल झाला. मालकाने राहायची-जेवायची सोय केली नाही तर ५०० आणि ३०० वर. आणि पगार बँकेतून. तक्रार घेऊन आलेला मजूर आधी मोबाइल पुढे करतो. मागच्या महिन्याचा बँकेचा मेसेज आहे, या महिन्याचा नाही. निम्मं भांडण तिथेच सोपं होतं, कारण "हा माझा माणूसच नाही" असं मालकाला म्हणता येत नाही.

आता सकाळी बडोद्यातल्या एखाद्या कडिया नाक्यावर, म्हणजे गवंडी-मजूर कामाची वाट पाहत बसतात त्या चौकात, जाऊन उभे राहा. दाहोद, छोटा उदेपूर, झाबुआ, अलिराजपूरकडची जोडपी पावडी-तगारी घेऊन बसलेली असतात. ठेकेदार मोटरसायकलवरून येतो, खाली न उतरताच दोन बोटं वर करतो, दोघं मागे बसतात. मालक कोण, हे विचारायची रीत नाही. हजेरी मुकादमाच्या वहीत, उचल त्याच वहीत, आणि वही त्याच्या खिशात.

१९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित मजूर कायद्यात फोटोसकट पासबुक होतं, जाण्यायेण्याचं भाडं होतं, महिन्याच्या मजुरीच्या निम्मा विस्थापन भत्ताही होता. नाक्यावर ते पासबुक मी कुणाकडे पाहिलेलं नाही. बरं, हा कायदा मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या मजुराला लागू होता, शेजारच्या दाहोदच्या नाही, कारण तो गुजरातमधलाच! त्याच्या जागी आणलेल्या २०२०च्या कामगार संहितेने तर, निदान पाच असे मजूर असले तरच कायदा लागू, ही मर्यादा दहावर नेली आणि विस्थापन भत्ताच काढून टाकला.

वहीपलीकडे कागद नसला की काय होतं, ते गोध्र्याकडच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांनी दाखवलं आहे. बडोद्याहून गोध्रा काही लांब नाही. अलिराजपूर, झाबुआ, धारचे आदिवासी तिथे कामाला गेले आणि छातीत दगडाची भुकटी घेऊन परतले. सिलिकोसिस, त्याला औषध नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१०मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. ते पैसे द्या असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला २०१६ उजाडलं. गेलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी कामाचा पुरावा म्हणून ना हजेरीपत्रक होतं, ना पगाराची चिठ्ठी.

या मृत्यूंबद्दल आमच्याकडे मी कधी चर्चा ऐकली नाही. कतारमधल्या मजुरांच्या मृत्यूंवर मात्र रात्री बारापर्यंत वाद रंगतो. लांबचा मालक क्रूर म्हणायला सोपा. जवळचा मालक आपल्याच सोसायटीच्या कमिटीवर असतो. "हे बाहेरचे लोक शहर घाण करतात" हेही अधूनमधून कानावर येतंच. गायकवाडांबरोबर आलेल्या आपल्या पूर्वजांना बाहेरचं म्हणायची कुणाची टाप नव्हती, एवढाच फरक.

सध्या आमच्या इमारतीचं बाहेरून प्लास्टरचं काम काढायचं ठरतंय. मी ग्रुपवर लिहिलं: ठेकेदाराशी करार करताना तीन गोष्टी घाला. मजुरांची नावं, रोजची हजेरी सोसायटीच्या रजिस्टरमध्ये, आणि मजुरी थेट त्यांच्या खात्यात. देशमुखकाकांचं लगेच उत्तर आलं, "अरे, मग तो रेट वाढवेल." वाढवेलच. किती वाढवेल ते त्याच्याकडून लेखी मागवा, असं मी म्हटलंय. आकडा अजून आलेला नाही.