माणगावचा पुतळा, मोंतोनेचे सूर्यघड्याळ

मुंबई-गोवा महामार्गावर माणगावला अडकला नाही असा चाकरमानी विरळाच. गेल्या गणपतीला मीही तिथे दीड तास अडकलो. वेळ घालवण्यासाठी शेजारी बसलेल्या पुतण्याला सांगितले, की इथल्या तहसील कार्यालयाच्या आवारात, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना पडलेले नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, आणि मी राहतो त्या इटलीतल्या पेरुजा शहराजवळ मोंतोने नावाच्या डोंगरावरच्या गावातही त्यांचे स्मारक आहे. पुतण्या कायद्याचा विद्यार्थी आहे. त्याने लगेच विचारले, "काका, इंग्रजांच्या पगारावर, इंग्रजांच्या राजासाठी लढलेल्या माणसाचे कौतुक आपण का करायचे?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता आणि चुकीचाही नव्हता. मात्र घाडगे यांनी नेमके काय केले, हे त्याला ठाऊक नव्हते. आपल्याकडे माणूस कोणाच्या बाजूचा होता हे आधी ठरते आणि तो कोण होता हे नंतर, जमल्यास, विचारले जाते.

घाडगे यांचा जन्म १९२१ सालचा, माणगाव तालुक्यातल्या पळसगाव-आमडोशीचा. एका पिकाची भातशेती असलेल्या त्या भागातल्या तरुणासमोर मुंबईची गिरणी किंवा पलटण असे मोजकेच रस्ते होते. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक, म्हणजे एका छोट्या तुकडीचे प्रमुख, झाले. १० जुलै १९४४ रोजी तेव्हेरे नदीच्या, म्हणजे आपण शाळेत शिकलेल्या टायबरच्या, वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने जर्मनांच्या एका पक्क्या ठाण्यावर चढाई केली. घाडगे यांच्या हाताखालच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन चालली आणि त्यांच्याखेरीज प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. सोबत यायला कोणी उरलेले नाही हे दिसत असूनही ते एकटे धावले. आधी हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, मग टॉमीगनने आणखी एकाला टिपले. काडतुसांचे मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. त्यानंतर आडून नेम धरलेल्यांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून, जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांचा प्राण गेला. वय बावीस. (माझे वय त्याच्या दुपटीहून अधिक आहे, त्यामुळे 'त्यांनी' लिहिताना हात थोडा अडखळतो, आमच्या घरात या वयाच्या मुलाला सगळे अरे-तुरे करतात.) मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान, जाहीर झाला, पण थडगे नाही. दक्षिणेकडे कासिनोच्या युद्धस्मशानातील स्मारकावर, ज्यांच्या विसाव्याची जागा ठाऊक नाही अशा चार हजारांहून अधिक नावांमध्ये, त्यांचे नाव कोरलेले आहे.

दिल्लीत मात्र हे नाव बसत नाही. इंडिया गेटवरची नावे पहिल्या महायुद्धाच्या आणि अफगाण युद्धाच्या काळातली आहेत. २०१९ मध्ये उभारलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावरची नावे स्वातंत्र्यानंतरची आहेत. २१ जानेवारी २०२२ रोजी इंडिया गेटखालची अमर जवान ज्योत या नव्या स्मारकातल्या ज्योतीत विलीन केली गेली, तेव्हा इंडिया गेट हे वसाहतकाळाचे चिन्ह आहे असा युक्तिवाद जोरात झाला, आणि त्याच्या विरोधात, मेलेले तर आपलेच होते असाही झाला. त्या सगळ्या गदारोळात दोन्ही स्मारकांच्या मधल्या फटीत पडलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांची आठवण फारशी कोणाला आली नाही. एकट्या इटलीत ५,७८२ भारतीय सैनिक पडले. इटलीच्या रणांगणावर दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैन्यातल्या जवानांचे आहेत.

पुतण्याच्या प्रश्नाला उत्तर देताना मी एवढेच म्हणालो, की हा प्रश्न त्याच्या पिढीने काढलेला नाही. १९३९ मध्ये भारतीयांना न विचारता युद्धात ओढले म्हणून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. बेचाळीसमध्ये 'चले जाव' झाले, आणि साताऱ्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसे पाठवणाऱ्या जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. त्याच काळात डॉ. आंबेडकर सैन्यभरतीच्या बाजूने उभे होते आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंटची उभारणी झाली. सावरकरांनीही, अगदी वेगळ्या हिशेबाने, तरुणांना भरती व्हायला सांगितले. ज्या प्रश्नावर त्या काळातली एवढी मोठी माणसे एका मताची नव्हती, त्याचे उत्तर आमडोशीच्या विशीतल्या मुलाने बिनचूक द्यायला हवे होते, आणि ते दिले नाही म्हणून त्याचे नाव गाळावे, हा न्याय मला पटत नाही. साम्राज्याचा जाब साम्राज्याला विचारावा. तो नाइकाकडून वसूल करू नये.

मोंतोनेचे स्मारक २०२३ च्या जुलैमध्ये उभे राहिले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे आणि त्याचे लॅटिन ब्रीद आहे, आपण सगळे एकाच सूर्याखाली. गंमत अशी, की या गावाचा सर्वांत मोठा अभिमान म्हणजे ब्राच्चो दा मोंतोने, चौदाव्या-पंधराव्या शतकातला सेनानायक, जो मोबदला देईल त्याच्यासाठी लढणारा. इथे तो 'भाडोत्री' होता हे सर्वांना ठाऊक आहे आणि त्याची लाज कोणाला वाटत नाही. शिवाय या खोऱ्याला १९४४ चा उन्हाळा अजून विसरता येत नाही. घाडगे पडले त्याच्या बारा दिवस आधी, २८ जूनला, जवळच्याच पेनेटोला या शेतघरात जर्मन सैनिकांनी बारा गावकऱ्यांचा बळी घेतला होता. शेजारच्या उंबेर्तिदे गावावर मित्रराष्ट्रांच्या विमानांनी एप्रिलमध्ये टाकलेल्या बॉम्बमध्ये सत्तरहून अधिक नागरिक मेले होते, हेही इथले लोक त्याच दमात सांगतात. सुटका करणाऱ्यांच्या हाताला आपलेही रक्त लागले आहे हे ते लपवत नाहीत.

तरी इटलीचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. दर २५ एप्रिलला, मुक्तिदिनी, फॅसिस्टांविरुद्ध लढलेले आणि मुसोलिनीच्या शेवटच्या राजवटीसाठी लढलेले यांना एका पंक्तीला बसवावे का, यावर इथे दरवर्षी हमरीतुमरी होते, आणि माझ्या मते बसवू नये. घाडगे यांच्याबाबत इटालियन माणसाला उदार होणे सोपे जाते, कारण ते नाव त्याला कोणताच अवघड प्रश्न विचारत नाही. मोंतोनेत एका निवृत्त शिक्षिकेने मला हा मुलगा इतक्या दूर कसा आला असे मोठ्या जिव्हाळ्याने विचारले. तो आला त्याच्या आदल्या वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली आणि त्याच्या देशाचे नेते तेव्हा तुरुंगात होते, हे तिला नवे होते. ती बराच वेळ गप्प राहिली, मग तिने मला ते कागदावर लिहून द्यायला सांगितले.

मी लिहून दिले, इटालियनमध्ये, अर्ध्या पानात. तेच अर्धे पान मराठीत करून, त्यात पेनेटोलाची तारीख घालून, पुतण्यालाही पाठवले. इंग्रजांच्या राजाविषयीचे त्याचे मत बदललेले नाही, आणि ते बदलावे असे मला वाटतही नाही. परवा फोनवर त्याने फक्त विचारले, की त्या तुकडीतल्या बाकीच्यांची नावे कासिनोला सापडतील का. पुढच्या जुलैत तो इकडे येणार आहे. आधी मोंतोनेला जाऊ, मग कासिनोला, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीची नावे कोरलेल्या दगडासमोर वही घेऊन बसू.