सत्तरीचे कार्ड आणि ब्युरोची बाई: एका फिरत्या संदेशाला उत्तर

चाकरमान्यांच्या गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. गावी राहणाऱ्या आईवडिलांची चिंता नको, सत्तरीनंतर आयुष्मान कार्डावर घरच्या सेवेचा खर्च मिळतो, घरी सेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोला फोन केला की नर्स घरी येते आणि घर-बाग ज्याच्या नावावर केली तो सांभाळतोच, असे त्यात म्हटले आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 ते 2011 या दशकात घटली. मुले बाहेर आणि म्हातारी माणसे घरी, अशी घरे तिथे वाडीवाडीत आहेत. म्हणूनच या संदेशावर विसंबणे धोक्याचे आहे.

कार्डाचा दावा चुकीचा आहे. 70 वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर 2024 पासून मिळते, हे खरे. परंतु ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी ठेवलेल्या बाईचा पगार त्यातून मिळत नाही.

ब्युरोकडून येणारी प्रत्येक बाई नर्स असते, हा समज तर सर्वांत घातक आहे. आंघोळ घालणे, भरवणे, डायपर बदलणे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवणे ही कामे नर्सिंग न शिकलेल्या पण अनुभवी मावशी उत्तम करतात, आणि बहुतेक घरांची खरी गरज तीच असते. मात्र लघवीची नळी बदलायची किंवा खोल जखमेचे ड्रेसिंग करायचे असेल, तर एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली परिचारिका हवी आणि तिचा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आधीच मागून घ्यावा. फोनवर ठरवणाऱ्याला घर दिसत नाही, ही दुसरी अडचण. न्हाणीघर मागीलदारी, तिथे जाणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्या पावसात शेवाळलेल्या, रस्ता वरच्या अंगाला आणि मध्ये उतरती पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट, अशा ठिकाणी रुग्णवाहिका दारापर्यंत येत नाही. आजोबांना खुर्चीत बसवून वर न्यायला दोन-तीन धडधाकट माणसे लागतात, ती कोण, हे आधी ठरलेले असावे. शिवाय गणपतीत आणि शिमग्यात मावशीही आपल्या घरी जाणार, आणि ते तिच्या हक्काचेच आहे; तेव्हा बदली कोण येणार, हे ब्युरोकडून लेखी घ्यावे.

राहिला प्रश्न मालमत्तेचा. नावावर केले म्हणजे सांभाळ होतो, असे मुळीच नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 प्रमाणे, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मागता येते आणि त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अट दस्तात लिहिलेली नसेल, तर ती सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून बक्षीसपत्रावर सही करण्यापूर्वी ती अट मजकुरात आली आहे की नाही, हे आईवडिलांना मोठ्याने वाचून दाखवावे.