खुलासा: काळ्या शाईचा चेक बाद होत नाही

‘काळ्या शाईने लिहिलेला चेक बँक परत करणार, रिझर्व्ह बँकेचा नवा नियम’ हा मेसेज चुकीचा आहे. चेकसाठी शाईचा विशिष्ट रंग रिझर्व्ह बँकेने ठरवलेला नाही. तिच्या प्रश्नोत्तरांतच तसं स्पष्ट लिहिलंय. निळी चालते, काळीही चालते.

शाई मात्र पक्की आणि ठळक हवी, कारण आता वटवायला कागद जात नाही, स्कॅन केलेली प्रतिमा जाते. फिकट अक्षरं तिथं उमटत नाहीत. रबरी शिक्का सही, नाव किंवा रकमेवर पडू देऊ नका.

खरी अडचण खाडाखोडीची आहे. नाव किंवा रक्कम खोडून शेजारी सही केली तरी चेक परत येतो. नवा चेक लिहावा. तारखेपासून ३ महिन्यांत भरा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आलाय तिथं हा खुलासा टाका.