पाँपेईची ‘लक्ष्मी’ आणि आपलं तेर

दिवाळी तोंडावर आली की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. हस्तिदंती मूर्तीचा फोटो, आणि खाली असा मजकूर की इटलीतल्या पाँपेई या ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरातल्या मंदिरात दोन हजार वर्षांपूर्वीची लक्ष्मी सापडली, रोमन लोक लक्ष्मीपूजन करायचे, आणि पाश्चात्त्यांनी ही मूर्ती ‘गुप्त खोलीत’ दडवून ठेवली आहे. आपल्या धाराशिवकडच्या ग्रुपांवर त्याला आणखी एक शेपूट लागतं: मूर्ती आपल्या तेरचीच! फोटो खरा आहे. मूर्तीही खरी आहे आणि भारतीयच आहे. भानगड बाकीच्या मजकुरात आहे.

आधी मंदिराचं. ही मूर्ती १९३८ साली अमेदेओ मायुरी या इटालियन पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात मिळाली ती एका राहत्या घरात. त्या घराला पुढे ‘भारतीय मूर्तीचं घर’ असंच नाव पडलं. परदेशी देवतेची पूजा पाँपेईत खरोखर कशी चालायची हे बघायचं असेल, तर तिथलं इसिस या इजिप्तच्या देवीचं देऊळ बघावं. गाभारा आहे, वेदी आहे, आणि इ.स. ६२ च्या भूकंपात पडलेलं देऊळ कुणी पुन्हा बांधून दिलं ते सांगणारा लेख दारावर आहे. लक्ष्मीच्या बाबतीत यातलं काहीच सापडलेलं नाही. घरात वस्तू मिळाली म्हणजे पूजा झाली असं धरलं, तर टीव्हीशेजारी लाफिंग बुद्धा ठेवणारी लातूरची निम्मी घरं चिनी ठरतील.

बरं, मुळात ती लक्ष्मी तरी आहे का? सापडली तेव्हा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं आणि नाव चिकटलं. पण मूर्ती नीट बघा. उंची जेमतेम वीतभर, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या आत. अंगावर वस्त्र नाही. गळ्यात भरगच्च हार, हातांत मनगटापासून वरपर्यंत बांगड्या, कमरेला मेखला, पायांत जड वाळे. दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी, हातांत शृंगाराच्या डब्या. कमळ नाही, पाणी घालणारे हत्ती नाहीत. भारहुत आणि सांची या प्राचीन बौद्ध स्तूपांच्या शिल्पांत गजलक्ष्मी आहे. लक्ष्मी दाखवायची तर कमळ आणि हत्ती कोरायचे, हे त्या काळच्या कारागिरांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून बहुतेक अभ्यासक हिला यक्षी, म्हणजे समृद्धीशी जोडलेली उपदेवता, म्हणतात. शिवाय तिच्या डोक्यातून खाली आरपार गेलेलं भोक आहे. पूजेच्या मूर्तीला कुणी माथ्यातून भोक पाडत नाही. ही आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या चौरंगाचा, तिवईचा पाय असावा, असे तर्क आहेत. एकूण काय, शृंगाराचं सामान.

ती तिथे पोचली कशी, याचं उत्तर व्यापारात आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, ही दोन्ही नावं येतात. गुजरातेतल्या भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून कापड गाड्यांत भरून भडोच बंदराला जायचं, असं तो लिहितो. तिकडे रोममध्ये थोरला प्लिनी हा लेखक कुरकुरत होता की भारत दरवर्षी निदान पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो. हा प्लिनी इ.स. ७९ मध्ये मेला तो ज्या ज्वालामुखीनं पाँपेई गाडली त्याच ज्वालामुखीच्या उद्रेकात.

गुप्त खोलीचं फार लांबवण्यात अर्थ नाही. नेपल्सच्या संग्रहालयात ‘गुप्त कक्ष’ नावाचं दालन आहे, ते पाँपेईत सापडलेल्या कामुक कलाकृतींचं. एके काळी सभ्यतेच्या नावाखाली ते बंद असायचं. २००० सालापासून ते लोकांना खुलं आहे.

आता आपल्या शेपटाकडे. इथे मात्र जरा जपून, कारण यात तथ्य आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाँपेईच्या मूर्तीशी फार जवळचं नातं सांगते. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही याच घडणीची एक हस्तिदंती मूर्ती तुटक्या अवस्थेत मिळाली. त्यामुळे दख्खनचा दावा मजबूत आहे. पण पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे, आणि ही लिपी वायव्येकडची, गांधाराकडची, म्हणजे आजच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या भागातली. अफगाणिस्तानातल्या बेग्राममध्येही हस्तिदंती कोरीवकामाचा मोठा साठा निघाला आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर तर तिथलं दगडी कोरीवकाम जवळच्या विदिशेच्या दंतकारांनी केल्याचा लेखच आहे. म्हणजे हस्तिदंतावर काम करणारे तिथेही होते. आणि त्याच सांचीत भोगवर्धनाच्या, म्हणजे भोकरदनच्या, लोकांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. माणसं इतकी फिरत असतील, तर कारागीर, त्यांचे नमुने आणि हस्तिदंतही फिरत असणार. ‘तेरच्या मूर्तीची बहीण’ इतकं म्हणा, कुणी हरकत घेणार नाही. ‘तेरलाच घडली’ म्हणायचं असेल, तर त्या खरोष्ठी अक्षराचं उत्तर आधी द्यावं लागेल.