ऐझॉल म्हणे फुकटात चॅम्पियन झालं!

सोलापुरात फुटबॉलवर बोलणारे मुळात मूठभर, त्यात हल्ली ज्याच्या त्याच्या स्टेटसला एकच मेसेज: २०१६-१७ ची आय-लीग (तेव्हाची देशातली टॉपची फुटबॉल लीग) मिझोरामच्या ऐझॉल एफसीला फुकट मिळाली, भारी प्लेयर सगळे आयएसएल या दुसऱ्या पैसेवाल्या लीगमध्ये होते, खालच्या डिव्हिजनला गेलेली टीम मागच्या दारानं आत घेतली, आणि डोंगरातल्या ग्राउंडमुळं जिंकली. पार्क मैदानावर क्रिकेट बघणारे पण आता हेच ऐकवायला लागलेत. काय बे, जरा तारखा तरी बघा की.

आयएसएलचं आधी घेतो, कारण तेच लै जोरात सांगतात. त्या सीझनला आयएसएल १८ डिसेंबरला संपली आणि आय-लीग ७ जानेवारीला चालू झाली, म्हणजे तिकडं खेळलेली पोरंच इकडं आली. सुनील छेत्री बंगळुरूकडं, जेजे, सोनी नॉर्दे आणि कात्सुमी मोहन बागानकडं. आणि बंगळुरू म्हणजे कोण, तर आदल्या वर्षीचे चॅम्पियन, वर नोव्हेंबर २०१६ मध्ये एएफसी कप या आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल खेळून आलेले, तिथंवर त्याआधी एकही भारतीय क्लब पोचला नव्हता. दोन्ही लीग एकाच वेळी चालायला लागल्या त्या पुढच्या सीझनपासून, मेसेजवाल्यानं ते एक वर्ष मागं नेऊन चिकटवलंय. उरुग्वेच्या फोर्लानसारखे मोठे परदेशी प्लेयर आय-लीगला नव्हते हे मान्य, पण मग ते ऐझॉलकडं तरी कुठं होते?

मागच्या दाराचं अर्धंच सांगतात. २०१५-१६ ला ऐझॉल नऊ टीममध्ये आठवी आली न खाली गेली, बरोबर. पण नववी कोण होती माहितीये का? आपल्या पुण्याची डीएसके शिवाजियन्स! ती कॉर्पोरेट एंट्रीतून, म्हणजे खालून जिंकत न येता कंपनीच्या जोरावर थेट आलेली म्हणून तिला खाली पाठवायचं नाही असा नियम, त्यावर कुणी मेसेज काढत नाही. पुढं साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या गोव्याच्या टीमा भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या, आयएसएलला वर नेणाऱ्या नव्या प्लॅनवर चिडून बाहेर पडल्या, जागा रिकामी झाली, ऐझॉलला परत बोलावलं. बोलावलं म्हणजे खेळायला बोलावलं, पॉइंट काय ताटात वाढून दिले नव्हते. १८ मॅच, ११ जिंकल्या, ४ ड्रॉ, ३ हरले, ३७ पॉइंट, आणि मोहन बागान ३६ वर.

डोंगराचं तर सोडाच, तेच ग्राउंड आदल्या वर्षी पण होतं की, तेव्हा का नाही जिंकले? घरी बागानला १-० हरवलं हे खरं, पण शेवटची मॅच ३० एप्रिलला शिलाँगला होती, तिथल्याच शिलाँग लाजाँग टीमच्या घरात, तिथं एक गोल खाऊन मग लालनुनफेलानं बरोबरी केली तेव्हा कुठं कप आला. (शिलाँग पण डोंगरातच आहे म्हणाल, तर मग लाजाँगनं का नाही जिंकली लीग?)

आणि एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये कोचचं नावच नाही! खालिद जमीलला मुंबई एफसीनं बरीच वर्षं ठेवून २०१६ ला काढलं, तो आशुतोष मेहता आणि जयेश राणे ही तिथलीच पोरं घेऊन मिझोरामला गेला, जोडीला सीरियाचा अल अमना मिळाला आणि टीम उभी राहिली. त्याच जमीलला २०२५ मध्ये भारताचा कोच केलं. आणि त्याला काढणारी मुंबई एफसी २०१६-१७ च्या त्याच आय-लीगला दहा टीममध्ये दहावी आली.