नादकाट्याचा आवाज ऐकू आला म्हणजे कान निर्दोष ठरत नाही

मराठवाड्यातल्या अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. नादकाटा म्हणजे ट्यूनिंग फोर्क कानाजवळ धरल्यावर आवाज नीट आला तर कान निर्दोष समजावा, तो कपाळावर टेकवल्यावर ज्या बाजूला आवाज मोठा येतो तो कान चांगला मानावा आणि ऑडिओमेट्रीवर, म्हणजे यंत्राने श्रवण मोजण्याच्या तपासणीवर, पैसे घालवू नयेत, असे त्यात म्हटले आहे.

पहिला दावा सर्वांत घातक आहे. जर्मन वैद्य रिने यांनी 1855 मध्ये मांडलेल्या चाचणीत बहुधा 512 हर्ट्झचा काटा आधी कानामागच्या हाडावर टेकवतात, मग कानाच्या भोकासमोर धरतात आणि कुठे मोठा ऐकू येतो ते विचारतात. निरोगी माणसाला तो कानासमोर मोठा ऐकू येतो. परंतु अंतर्कर्ण किंवा नस कमजोर झालेल्यालाही तसाच अनुभव येतो, कारण त्याच्या कानाचा पडदा आणि त्यामागची हाडांची साखळी शाबूत असते आणि हवेतून व हाडातून अशा दोन्ही वाटांनी येणारा आवाज सारखाच घटलेला असतो. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये किंवा लातूरच्या डाळमिलमध्ये वर्षानुवर्षे गोंगाटात काम करणाऱ्याचे नुकसान बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास सुरू होते. तिथपर्यंत 512 चा काटा पोहोचतच नाही, म्हणून घरच्यांचे बोलणे निसटू लागलेला कामगारही या चाचणीत सहज उत्तीर्ण होतो. उलट, नस निकामी होऊन एक कान पूर्ण बहिरा असेल तर त्यामागे टेकवलेल्या काट्याचा आवाज कवटीतून दुसऱ्या कानाला पोहोचतो आणि रोगी 'मागे मोठा येतो' असे सांगून तपासणाऱ्याची दिशाभूल करतो.

दुसरा दावा वेबर चाचणीबद्दल, म्हणजे काटा कपाळावर टेकवण्याबद्दल, आहे आणि तो अर्धाच खरा आहे. कानात मळ साचला असेल, पडद्याला भोक असेल किंवा मध्यकर्णात पाणी असेल तर आवाज बिघडलेल्या कानाकडे सरकतो. एका कानात बोट घालून गुणगुणल्यास हे कोणालाही पडताळता येते. नसेच्या बहिरेपणात मात्र तो चांगल्या कानाकडे जातो. एक कान अचानक बंद पडलेल्या रोग्याबाबत हा फरक प्राथमिक आरोग्य केंद्रातही मोलाचा ठरतो. आवाज चांगल्या कानाकडे गेला तर मळ काढण्यात दिवस न घालवता तातडीने कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे लागते, कारण स्टिरॉइडचा उपचार लवकर सुरू झाला तरच त्याचा अधिक उपयोग होतो.

तिसऱ्या दाव्याबाबत फार लिहायला नको. बहिरेपणा कोणत्या प्रकारचा असावा याचा अंदाज काटा देतो, किती आहे ते सांगत नाही. ऑडिओमेट्रीत प्रत्येक कान साधारण 250 ते 8000 हर्ट्झपर्यंत वेगवेगळा मोजला जातो आणि श्रवणयंत्र त्याच आलेखावरून जुळवतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल ऱ्हास असलेला कमी ऐकणारा आणि 70 डेसिबल ऱ्हास असलेला कर्णबधिर मानला आहे. हा आकडा काट्यातून निघत नाही. पैशांची अडचण असेल तर अंबाजोगाई, लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करावी.