सल्ला द्यावा, पण पोहोचू देऊ नये

आरोग्य केंद्रात मातांना बालआहाराचे मार्गदर्शन करण्याची जबाबदारी आपल्यावर आली असेल, तर एक पथ्य काटेकोरपणे पाळावे: समोरच्या आईला काहीही विचारू नये. काल बाळाने काय खाल्ले, किती खाल्ले, भरवले कोणी, असे विचारले की उत्तरे येतात आणि उत्तरे आली की पाठ केलेले भाषण बदलावे लागते. आधी विचारावे, जे बरोबर चालले आहे त्याचे कौतुक करावे, मग सल्ला द्यावा आणि शेवटी तो समजला का हे तपासावे, असा क्रम जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रशिक्षणात शिकवतात. ज्यांच्या दाराबाहेर रांग नसते त्यांनी तो खुशाल पाळावा.

‘संतुलित आहार द्या’ हे वाक्य मात्र घोटून ठेवावे. ते सात महिन्यांच्या आणि दीड वर्षाच्या बाळाला सारखेच लागू पडते, म्हणजे कोणालाच लागू पडत नाही. सहा महिने पूर्ण होताच स्तनपान चालू ठेवून वरचे अन्न सुरू करावे, आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून 2 ते 3 वेळा आणि पुढे 3 ते 4 वेळा द्यावे, असे नेमके काही सांगितले तर आई ते लक्षात ठेवण्याचा धोका असतो.

चमच्यापासून तर चार हात दूरच राहावे. एखादी अतिउत्साही परिचारिका चमचा वाटीत बुडवून तिरका धरते. पातळ अन्न ओघळून जाते, दाट अन्न चमच्यावर टिकते, आणि बाळाचे इवलेसे पोट पाण्यानेच भरले तर पोषणाला जागा उरत नाही, हे आईला अर्ध्या मिनिटात उमगते. मग आपल्या वीस मिनिटांच्या भाषणाची पत काय राहिली?

पेरूतील त्रुहियो शहरात हाच अविचार झाला. दाट अन्न द्या, अंडी, मासे किंवा यकृत द्या, धीराने आणि मायेने भरवा, एवढेच आरोग्य केंद्रांतल्या सर्वांनी एकमुखाने सांगितले आणि दीड वर्षाच्या मुलांमध्ये वाढ खुंटण्याचे प्रमाण घटले. 2005 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलेसुद्धा! आपण मात्र डॉक्टर, परिचारिका आणि वजन करणारी ताई यांची तीन मते तीन दिशांना राहतील, अशी काळजी घ्यावी.

पुढच्या खेपेस वजनाचा काटा जागचा हलला नाही, तर ‘आम्ही सांगतो, तुम्ही ऐकत नाही’ असे म्हणून सुस्कारा टाकावा, नोंदवहीत ‘समुपदेशन केले’ असा शिक्का उमटवावा आणि शाई वाळायच्या आत पुढच्या आईला हाक मारावी.